चार मेणबत्त्या आणि एक खोटं

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा माझी नोकरी भंडाऱ्यात राहिली आणि माहेर गोंदियात गेलं. काही वर्षांनी सिहोऱ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली. गावात ख्रिस्ती अशी मी एकटीच. महिन्यातून एकदा तुमसरला एका कुटुंबाच्या घरी फादर येत आणि मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, होई. एरवी माझी प्रार्थना माझ्या खोलीत.

नाताळाआधीचे चार आठवडे आम्ही आगमनकाळ पाळतो. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची, प्रार्थना करायची, मन झाडून घ्यायचं. मेणबत्त्या जांभळ्या हव्यात, एक गुलाबी. सिहोऱ्यात पांढऱ्याच मिळाल्या. त्या स्टीलच्या ताटलीत चिकटवल्या आणि पहिल्या रविवारी संध्याकाळी एक पेटवली.

घरमालकीण विधवा होती, बौद्ध. दारातून तिनं पाहिलं आणि तीन कोऱ्या का ठेवल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, हा वाट पाहण्याचा काळ आहे, एकदम सगळ्या लावत नाहीत.

"कोणाची वाट पाहून राहिल्या तुम्ही?" तिनं विचारलं.

प्रभूची, असं सांगितलं खरं. पण तो प्रश्न मला लागला. दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटी ती गोंदियाला मोठ्या बहिणीकडे होती. ती अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा दवाखान्यात माझ्या जागेवर दुसरं कोणी नव्हतं, एक बाळंतीण अडली होती. मी पोचले ती थेट दफनभूमीत. माती टाकून झाल्यावर बहीण एवढंच म्हणाली, आई दाराकडे पाहत गेली, तुझंच नाव घेत होती. त्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. मला ते वाक्य सहन होत नव्हतं, आणि ते म्हणणारी तीही.

सहा डिसेंबरला घरमालकीण पांढरी साडी नेसून विहारात गेली. मलाही चला म्हणाली. मी गेले. सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्या, मीही लावली. पण त्या लोकांत घरमालकीण घरातलीच होती आणि मी पाहुणी. परत येताना आपल्या माणसांची फार आठवण झाली.

तिसऱ्या रविवारी तुमसरला मिस्सा होती. त्याआधी मी फादरांपाशी पापनिवेदन केलं. बहिणीचं सांगितलं. ते म्हणाले, तिनं यावं म्हणून थांबू नका, तुम्ही जा. परतताना बूथवरून तिला फोन लावला. पुढच्या रविवारी येते म्हटलं.  पलीकडून एवढंच, "ये," आणि फोन ठेवल्याचा आवाज.

चौथ्या रविवारी तुमसर रोड स्टेशनवरून गोंदियाची गाडी धरली. बहिणीनं दार उघडलं, पाणी दिलं, जेवायला वाढलं. भात, वांग्याची भाजी. तिचे यजमान प्रवासाचं विचारत राहिले, ती वाढत राहिली. जेवणानंतर दोघी आईच्या कबरीवर गेलो. ती गवत उपटू लागली, मीही बसले. मी म्हटलं, ताई, मी वेळेवर आले नाही, मला माफ कर. आईनं वाट पाहिली आणि...

"नोहोती पाहत," ती म्हणाली. मान वर केली नाही. "शेवटचे दोन दिवस आईनं कोणालेच ओळखलं नाही. मले बी नाही. मी रात्रंदिवस तिचं करून राहिली होती, तू आली नाहीस, मले राग होता. तुले खोटं सांगितलं."

मी हातातलं गवत बाजूला ठेवलं. दोन वर्षं डोळे मिटले की दाराकडे पाहणारी आई दिसायची. ते दुखायचं, पण निदान कोणीतरी माझी वाट पाहत होतं. आता तेही नव्हतं.

"तू एकटीनंच केलंस सगळं," मी म्हटलं.

ती रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माफ केलं असं म्हणालेही. पण ते तोंडातून आलं, मनातून यायला पुढे बरेच महिने लागले.

तिनं नाताळाला थांब म्हणून आग्रह केला. माझी ड्युटी होती, मी संध्याकाळी परतले. चारही मेणबत्त्या लावल्या. प्रार्थनेत नेहमीचे शब्द आले नाहीत. मी प्रभूला एवढंच म्हटलं, माझ्याकडे यायचं असेल तर असाच ये, इथं काही तयार नाही.

नाताळाच्या दिवशी सकाळी दवाखान्यात एका बाईला मुलगी झाली. दुपारी मी खोलीवर येऊन वरण-भात केला आणि एकटीच जेवले. तीनच्या सुमाराला घरमालकिणीनं हाक मारली, शेजारी फोन आला होता. बहीण होती. काय रांधलंस, तिनं विचारलं. मी सांगितलं. मग दोघींनाही काही सुचेना, तरी कोणी फोन ठेवला नाही.