अक्षय्य तृतीयेची पातळी

श्रीगजानन आणि जलाधिपती वरुण यांच्या चरणी मस्तक ठेवून, आज अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, पूजा आटोपल्यावर हे लिहावयास बसलो आहे.

बिबवेवाडीतील आमच्या सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या मागे, पूर्वीच्या मळ्यातली एक दगडी विहीर आहे. दर वर्षी या तिथीला तिची पूजा करावी, तिच्याच पाण्याने उदककुंभ भरून दान द्यावा, हे व्रत मी निवृत्तीपासून पाळत आलो. पूजेनंतर गाठी मारलेला दोर सोडून पाणी किती हात खाली आहे, तेही वहीत टिपून ठेवत असे.

गेल्या वर्षी शहराच्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. जमिनीखाली पाणी कुठून येते, किती उपसले तर किती उरते, याचे गणित त्या संगणकावर मांडत होत्या. माझी वही पाहून त्या हरखल्या.

"आजोबा, भर उन्हाळ्यातली इतक्या वर्षांची मोजणी या भागात कुणाकडेच नाही."

मला धन्यता वाटली.

महिन्याभराने त्यांनी कच्चा नकाशा पाठवला. आमचा परिसर त्यात निळा होता. म्हणजे उन्हाळ्यातही पाणी टिकणारा. सोसायटीच्या अध्यक्षांनी तो सभेत दाखवून विहिरीशेजारी खोल बोअर घेण्याचा ठराव मांडला. एकमताने संमत झाला. माझाही हात वर होता.

तो खाली घेताना मला टँकर आठवला.

कित्येक वर्षांपासून वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला होता. रित्या विहिरीला निरांजन ओवाळणे मनाला अशुभ वाटे. म्हणून पूजेच्या पहाटे मी टँकर मागवून त्याचे पाणी विहिरीत सोडत असे. मोजणी मात्र रीतीप्रमाणे पूजेनंतरच. वहीतले पाणी त्या टँकरचे होते. देवकार्यासाठी घातलेल्या पाण्याने कुणाची फसवणूक होईल, हे तोवर माझ्या ध्यानीच आले नव्हते.

तरी आठ दिवस मी गप्प राहिलो. नवव्या दिवशी बोअरची गाडी फाटकातून आत आली, तेव्हा बाईंना फोन केला आणि अध्यक्षांकडे गेलो.

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "म्हणजे काका, आपण देवालाही टँकरवरच ठेवलंत?"

"चूक माझी. पण बोअर थांबवा. पावसाळ्यापासून माघापर्यंत विहिरीला पाणी असतं, तेही जाईल."

"गाडी दारात आलीये. आणि ठरावाला सगळ्यांत आधी आपलाच हात वर होता."

बाई रागावल्या नाहीत, याचेच अधिक वाईट वाटले. "ते आकडे काढते, आजोबा," एवढेच म्हणाल्या. सुधारलेल्या नकाशात आमचा परिसर तांबडा झाला. तोवर बोअरला पाणी लागले होते आणि सोसायटीत पेढे वाटून झाले होते. पौषात विहीर कोरडी पडली. आता बोअरही थोडे पाणी देते आणि मग नुसती हवा ओढते.

आज टँकर मागवला नाही. रित्या विहिरीला हळदकुंकू वाहिले, निरांजन ओवाळले. दोर सोडला, शेवटची गाठही कोरडीच वर आली. वहीत लिहिले, 'पाणी नाही.' बऱ्याच वर्षांनी खरी नोंद झाली. उदककुंभ नळाच्या पाण्याने भरला.

वाचकहो, आपल्या घरचा माठ सदैव भरलेला राहो. आपल्या लेकराबाळांना पाण्यासाठी दारोदार हिंडावे न लागो. आणि जे ठाऊक आहे ते वेळेवर बोलण्याचे बळ वरुणदेव आपणांस व आपल्या कुटुंबीयांस देवो.