बहिणीला लावलेला फोन

डहाणूहून कासाच्या बाजाराला निघाले होते. सुक्या बोंबलांची पाटी पायाशी घेऊन मी जीप भरायची वाट बघत बसले होते. शेजारी साठीचा एक माणूस येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं वरखाली लावलेली. त्याने मोबाइल लावला आणि सरळ माझ्या हातात दिला.

"मावशी, जरा बोला ना. वेवजी गावची बहीण आहे माझी."

"तुमच्या बहिणीशी मी काय बोलू?"

"माझी बायको बोलायची. ती गेली चैत्रात. लग्नाआधी आई बोलायची. मी फक्त फोन लावून द्यायचो."

तिकडे बहीण ओरडत होती, "दादा, आजपण मुका? रागावलायस माझ्यावर? मग यापुढे फोनच लावू नकोस!"

मी म्हटलं, "रागावला नाही गं तो. त्याला फोनवर बोलता येत नाही."

"तू कोण? लग्न केलं की काय त्याने?"

"मासळीवाली आहे मी!"

जीपमधले सगळे हसले. मला असले पुरुष नवे नाहीत. माझा नवरा मेला, तेसुद्धा त्याच्या भावांना मीच कळवलं.

मी फोन त्याच्या कानाला दाबला. "काय जेवलात, ते सांगा तिला."

"भात," तो म्हणाला. कपाळावर घाम फुटला, तरी त्याने फोन ठेवला नाही.

"आणि... तू?"

जीप केव्हाच भरली होती. ड्रायव्हरने आता कुठे चावी फिरवली.