रतनबाईनं निवडलेलं विमानतळ

लंडन नावाच्या एकाच शहराला चार-पाच विमानतळं असतात, हे न्हावरे गावात २००५ साली कळलं ते रतनबाईमुळं. तिची लेक अंकिता तिथं नांदत होती आणि दिवस भरत आले होते. नवरा ज्ञानू मेंढरं सोडून हलणार नव्हता, म्हणून बाई एकटीच निघाली.

शिरूरचा तिकीटवाला म्हणाला, "हीथ्रोला जा मावशी. मुंबईत बसायचं, थेट तिथंच उतरायचं. गॅटविकला दुबईत विमान बदलावं लागतंय." भावकीनंही त्याचीच री ओढली. अक्षरओळख नसलेली बाई, हरवली तर शोधायची कुठं?

रतनबाईनं एकच विचारलं, "लेकीच्या घराजवळ कंचं?"

"गॅटविक," तिकीटवाला पत्ता बघून म्हणाला. "रेल्वेनं पंधरा मिनिटं. हीथ्रोवरनं दोन तास."

"मंग गॅटविकच. पोटुशी पोर हट्टानं न्यायला येणार. तिला हेलपाटं नकोत."

बोलली ते खरंच, पण मनातलं दुखणं वेगळं होतं. अंकिताच्या वेळी बिऱ्हाड कोकणच्या वाटेवर होतं. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. माणसं त्यांच्यामागं पुढं गेली आणि रतनबाई बांधाच्या कडेला एकटीच बाळंत झाली. लेकीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढंच तिनं धरलं होतं.

आणि दुबईत बाईनं घोळ घातलाच! म्होरक्या मेंढरामागं चालायची जन्माची सवय. मुंबईपासून पुढं बसलेला एक लाल पिशवीवाला तिनं म्होरक्या धरला आणि निमूट त्याच्यामागं गेली. तो गडी निघाला हीथ्रोचा! दारावर तिचं तिकीट बघून माघारी धाडलं, तोवर गॅटविकचं विमान उडालं होतं. पुढचं मिळायला सात तास गेले; विमानवाल्यांनी लेकीच्या घरी फोन करून तसं कळवलं. तेवढा वेळ ती स्वतःलाच शिव्या मोजत बसली. भावकीचं ऐकलं असतं तर एव्हाना पोचले असते, असंही वाटून गेलं.

गॅटविकला जावई हनुमंत एकटाच उभा होता. ती त्याच्यामागं लेकीला शोधू लागली.

"मामी, सकाळपास्नं कळा येत्यात. दवाखाना हितनं जवळच हाय, चला."

टॅक्सीनं दहा मिनिटांत पोचले. हनुमंत दारातच थांबला. "तुम्ही जावा आत. सारखं तुमचंच नाव घेतीय."

"आई, किती उशीर केलास गं!" अंकिता ओरडली आणि तिनं आईचं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या पिचल्या. रतनबाईला रडू कोसळलं.

"आवळ पोरी, आवळ," ती म्हणाली. "मी न्हाई जात कुठं."