लाकडात कोरलेली गल्ली

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची आशा सोडायला सांगितली आणि डाव्याबद्दल बोलताना ते शब्द चाचपडू लागले, तेव्हा वडिलांनी औषधाबद्दल चकार शब्द काढला नाही. "प्रवासाला हरकत नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. म्हातारा हवापालटाला निघालाय, असं डॉक्टरांना वाटलं असावं. शेजारी बसलेल्या मुलीला मात्र लगेच उमगलं. हा प्रवास तिच्या जन्माआधीपासून घरात लांबणीवर पडत आला होता.

वडील ठसे कोरायचे; कापडावर नक्षी छापण्याचे लाकडी ठसे. लाकडात जे कोरावं त्याच्या उलट कापडावर उमटतं, म्हणून पान उजवीकडे झुकायला हवं असेल तर ते लाकडात डावीकडे झुकवायचं, हा त्या कामाचा पहिला धडा. उभा जन्म असा उलट पाहण्यात गेल्यामुळे ती सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. कोणी रस्ता विचारला तरी ते सांगण्याआधी क्षणभर थांबत. मग आई म्हणे, "जरा दम धरा. हे आधी जग उलटं करतील, मग सुलटं करतील, मग सांगतील."

त्यांचा जन्म ज्या घरात झाला, ते त्यांनी अगदी लहानपणी सोडलं होतं. त्यांची आई त्या घरात तापाने गेली. त्यांचे वडील, तेही ठसे कोरणारेच, पोराला खांद्यावर घेऊन ते गाव सोडून आले आणि पुढे काही वर्षांत तेही गेले. मागे उरल्या दोनच गोष्टी. एक आठवण: दाराबाहेरच्या दगडी पायरीवर आई बसली आहे आणि पोराच्या केसांत अडकलेला लाकडाचा भुसा फुंकरीने उडवते आहे. तिचा चेहरा त्या आठवणीत नव्हता. पायरीचा गारवा तेवढा होता. आणि दुसरी, तळहातावर मावेल असा लाकडाचा तुकडा. त्याच्यावर त्यांच्या वडिलांनी घराची गल्ली कोरली होती. खाली कमान, तिच्यातून वर जाणारी गल्ली, दोन्ही बाजूंना घरांचे चौकोन, उजव्या कडेला लाटालाटांची नदी आणि उजव्याच रांगेतल्या एका चौकोनात पितळेची बारीक चूक, टाचणीएवढा खिळा, ठोकलेली. ती चूक म्हणजे घर. अक्षर एकही नव्हतं.

"ठशात उजवीकडे, म्हणजे खरं डावीकडे," वडील लहानपणापासून तिला समजावत. "कमानीतून आत शिरलं की डावा हात. नदीही डावीकडेच."

त्या पायरीवर एकदा बसायचं, डोळे आहेत तोवर. याखेरीज त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

मुलगी जुन्या कागदपत्रांच्या सरकारी दप्तरखान्यात संशोधनाचं काम करायची. कोणतीही गोष्ट दोन ठिकाणी सापडल्याशिवाय ती खरी मानायची नाही, या तिच्या शिस्तीमुळे वडील तिला 'तपासनीस' म्हणत. निघण्यापूर्वी तिने त्या गावाची जुनी दप्तरं धुंडाळून पाहिली. पुराने भिजून त्यांचा लगदा झाला होता. म्हणजे हाताशी पुरावा एकच, तोही लाकडाचा.

"झालं तुझं तपासून?" आईने पिशवीची चेन ओढत विचारलं. "आता त्यांना नेऊ या. कागद काय, पुढेही मिळतील."

गाव बसने गाठलं. वडील खिडकीशी बसले होते आणि दिसत नसलेल्या बाजूने सगळं पाहायचा हट्ट करत होते. आई मध्येच त्यांचं तोंड धरून दुसरीकडे वळवायची. "इकडे बघा. तिकडे नुसती माझी साडी आहे."

"साडीवरची नक्षी वाईट छापली आहे," वडील म्हणाले. "ठसा दर वेळी सरकलाय."

"तुम्हीच आणली होतीत."

"तेव्हा दोन डोळे होते. भिडस्त होते दोन्ही."

कमान शाबूत होती. तिच्या दगडांतून वायरींचे झुबके लोंबत होते, एका खांबाला मोबाइल दुरुस्तीची पाटी होती, पण कमान होती. ती दिसताच वडिलांची चाल बदलली. त्यांनी मुलीचा हात सोडला. भिंतीवरून बोटं फिरवत, चौकोन मोजल्यासारखे एकेक दार मागे टाकत ते डाव्या रांगेने निघाले आणि एका निळ्या दारापाशी थांबले. दाराबाहेर दगडी पायरी होती, मधोमध झिजून खोलगट झालेली.

दार उघडलं ते शिवणकाम करणाऱ्या बाईने. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. मुलीने कशासाठी आलो ते सांगायला सुरुवात केली, पण आईने दोन वाक्यांत उरकलं. "यांचा जन्म या घरातला. जरा पायरीवर बसू द्याल का?"

बाईने टाचणी काढून झग्याच्या बाहीत खोचली. "बसा की, काका. विचारायचं काय त्यात? मी इथे लग्न होऊन आले, मला जुनं काही ठाऊक नाही. सासूबाई असत्या तर सांगितलं असतं त्यांनी."

वडील बसले. तळहात दगडावर टेकवून, मान खाली घालून. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचे खांदे हलू लागले. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गल्लीकडे पाठ करून अशी उभी राहिली, की जाणाऱ्यायेणाऱ्याला ते दिसू नयेत. त्यांना असं रडताना मुलीने कधी पाहिलं नव्हतं. एक हुंदका थांबला की कुठूनसा दुसरा वर यायचा, आणि मध्येच ते पुटपुटायचे, "गार आहे गं. तशीच गार आहे."

शिवणाऱ्या बाईने चहा आणला. मुलीने सहज विचारावं तसं विचारलं, "नदी कोणत्या बाजूला येते हो इथून?"

"नदी? ती काय, तिकडे." बाईने डाव्या रांगेच्या पलीकडे हात केला. "पण लांब आहे. गावाबाहेर, रिक्षाने जावं लागतं."

"डावीकडेच ना?" वडील डोळे पुसत म्हणाले. "झालं तपासनीसबाईंचं समाधान?"

कोरलेली नदी घरांना चिकटून वाहत होती आणि ही रिक्षाच्या अंतरावर होती. मुलीला ते खटकलं. पण वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते गिळलं. गाव सोडण्याआधी पुन्हा येऊन जाईन, असं वडिलांनी त्या बाईला निघताना कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपले. औषधाचं दुकान शोधत मुलगी त्या गल्लीच्या उजव्या अंगाच्या एका बोळातून पलीकडे निघाली आणि जागच्या जागी थांबली. समोर पूल होता. दगडी कठड्यांचा, तीन कमानींचा, जुना. खाली पाण्याचा टिपूस नव्हता. पुलाखालून डांबरी रस्ता चालला होता आणि एक टेम्पो हॉर्न देत त्याच्या कमानीतून बाहेर पडत होता.

"पूर आला ना मोठा, त्यानंतर बांध घालून नदी पलीकडे वळवली," औषधवाला बाटलीवरची तारीख पाहत म्हणाला. "आमचे वडील या खिडकीतून गळ टाकायचे म्हणे. आता गळ टाकला तर हेल्मेट निघेल."

नदी उजवीकडे होती. ठशात होती तिथेच.

मुक्कामाच्या खोलीवर परतून तिने तो लाकडाचा तुकडा हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, वडिलांचे शब्द बाजूला ठेवून, नुसता पाहिला. छापायच्या ठशाच्या कडा काटकोनात असतात, नाहीतर नक्षी नक्षीला जुळत नाही. याच्या कडा चारही बाजूंनी घासून गोल केलेल्या होत्या. रंगाचा डाग कुठेच नव्हता. हा छापण्यासाठी केलेलाच नव्हता. लहान पोराने बोट फिरवून आपलं घर ओळखावं म्हणून केलेलं ते खेळणं होतं आणि त्यासाठी आजोबांनी, आपला धंदा विसरून, गल्ली जशी होती तशी सरळ कोरली होती. पोराने मोठेपणी तोच धंदा धरला आणि बापाचं सरळ काम जन्मभर उलटं वाचलं. दुसऱ्या कोणाचाही मुलगा असता तर त्याला घर सापडलं असतं.

ती आईला घेऊन गल्लीत गेली. निळ्या दाराच्या बरोबर समोर, उजव्या रांगेत, घर नव्हतं. पत्र्याचं कुंपण होतं. आत वाळू, सिमेंटच्या गोण्या आणि चाक काढलेला ट्रक.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "नाही सांगायचं."

"आई, ते मला विचारतील."

"हो म्हणायचं."

"खोटं?"

"काल ते कसे जेवले, पाहिलंस ना? किती वर्षांनी पोटभर जेवला तो माणूस. तू तुझ्या दप्तरखान्यात ने खरं-खोटं. तुझ्या त्या खऱ्याचे डोळे चाललेत का त्यांच्यासारखे? त्याला काय घाई आहे?"

खोलीवर आल्यावर मुलगी आईचं ऐकणार होती, निदान तसं तिने ठरवलं होतं. वडील खाटेवर मान मागे टाकून बसले, तिने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, आणि डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "तू अजून एकदाही म्हणाली नाहीस, की ते आपलंच घर. तू म्हणालीस की माझा जीव शांत होईल. तू उगाच म्हणत नाहीस कधी."

याच विश्वासाने तिची वाट अडवली. जो माणूस तिचा शब्द तेवढा पुरावा मानत होता, त्याला खोटा शब्द देणं तिला जमलं नाही. तिने सांगितलं. पूल, रस्ता, गोल कडा. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

वडिलांनी हात पुढे केला. तुकडा घेऊन त्याच्या कडांवरून अंगठा फिरवला, सावकाश, चारही बाजूंनी. असे हजारो तुकडे त्या अंगठ्याखालून गेले होते. "गोल आहेत," ते म्हणाले. "मला वाटायचं, हाताळून झिजल्या." आणि तुकडा खिशात टाकत, "चल, जाऊन येऊ."

कुंपणातल्या रखवालदाराने त्यांना आत सोडलं. घर कधी पाडलं हे त्याला ठाऊक नव्हतं. दगड होते ते भरावाला गेले, एवढं त्याने ऐकलं होतं. पायरी नव्हती. जिथे असावी तिथे टायरचा ठसा होता आणि त्यात तेल साचलं होतं. वडील सिमेंटच्या गोणीवर बसले. मुलगी आणि आई थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. ते वाट पाहत होते, हे दोघींनाही कळत होतं. कालच्यासारखं काही आतून वर येईल याची. ट्रकवाला आला, जॅक लावून चाक बसवू लागला. ऊन गोणीवर आलं. वडिलांचे डोळे कोरडेच राहिले.

"काही येत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "होतं नव्हतं ते काल तिथे देऊन बसलो. परक्याच्या दारात."

"चूक माझी आहे, बाबा. काल नदीचं विचारलं तेव्हाच..."

"तुझी कसली? बाप म्हणून कोरलं होतं त्यांनी. मी कारागीर म्हणून वाचलं." त्यांनी उठायला हात पुढे केला, आणि तो धरायला मुलगी सरसावली तेव्हा त्यांनी तो आईला दिला.

परतीच्या बसला अवकाश होता. दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून वडील रस्ता ओलांडून निळ्या दाराशी गेले. शिवणाऱ्या बाईने त्यांची वाट पाहिली होती. पायरी धुऊन तिने त्यावर चिंध्यांची नवी शिवलेली चौकोनी गादी घातली होती.

"बसा, काका. काल दगड टोचला असेल. आता केव्हाही या, घर तुमचंच आहे."

वडील त्या गादीकडे आपल्या उरल्या डोळ्याने पाहत राहिले. मग खाली वाकून त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हात चांगला आहे तुझा, पोरी," ते म्हणाले. "टाका कुठे सरकलेला नाही."

"मग बसा ना."

"बस निघेल आमची," वडील म्हणाले, आणि उभ्याउभ्याच त्यांनी तिला हात जोडले.