चिकट गवत आणि कोरडी कास

नव्वदच्या आसपासची गोष्ट. टेंभुर्णीच्या पलीकडं एका गावात जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो. नोकरीचं दुसरंच वर्ष. त्या साली पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला आणि बांधांवर कमरेएवढं गवत माजलं. वैरणीची ददात मिटली म्हणून लोक खूश होते.

एका सकाळी मावशींचा निरोप आला. पन्नाशीच्या या बाई एकट्याच चार गाई सांभाळायच्या. अख्खं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही. त्यांची गाय पहाटे व्याली होती. वासरू धडधाकट, गाय अंगानं भरलेली, पण कास अगदी कोरडी. चिकाचा थेंब नाही. मी कॅल्शियमची सुई दिली आणि "दोन दिवसांत दूध उतरंल" असं ठासून सांगून निघालो.

दूध उतरलं नाही. शेजारच्या मुसलमानाच्या घरी शेळी व्यालेली होती. मावशी वासराला घेऊन दिवसातून तीनदा तिथं जायच्या. शेजारीण शेळी धरायची आणि मावशी वासराला पाजायच्या. आठवडाभरात गावात आणखी दोन गाई तशाच कोरड्या व्याल्या. कुणी म्हणालं, नजर लागली. मी सुयाच देत राहिलो.

मग एक दिवस मावशी दवाखान्यात आल्या. हातात गवताची जुडी.

"डॉक्टरसाहेब, हात लावा बरं याला."

तुऱ्यांवर मधासारखा चिकट रस होता. काही तुऱ्यांत दाण्याच्या जागी काळपट, टणक खडे धरले होते.

"म्हैना झाला, इळा चिकटून राह्यला. मला वाटलं, पावसानं असंल. पर ज्या तीन गाई कोरड्या, त्या तिन्ही ह्या वढ्याकाठच्या बांधावरचंच खात व्हत्या. वरल्या आळीतली गाय परवा व्याली, ती निस्त्या कडब्यावर हाय. तिला दूध बराबर हाय."

बाकीच्या तिन्ही गोठ्यांत जाऊन त्या स्वतः विचारून आल्या होत्या. मी मात्र एकाही मालकाला गाय काय खाते, हे विचारलं नव्हतं.

बाजरीच्या कणसावर येणारी ही बुरशी, अरगट, मी कॉलेजात शिकलो होतो. गाय विण्याच्या सुमारास मेंदूखालची ग्रंथी दूध आणणारं संप्रेरक सोडते आणि या बुरशीचं विष नेमकं तेच अडवतं, हे मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण ती बांधावरच्या गवतालाही लागते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला मनापासून लाज वाटली, आणि त्याहून जास्त या बाईचं कौतुक.

मावशींची दुसरी गाय विण्याला तीन आठवडे होते. कास तिचीही भरत नव्हती.

"हिचं गवत आजपासून बंद," मी म्हणालो.

"कालच बंद केलं," त्या म्हणाल्या.

गेल्या सालचा कडबा त्यांनी राखून ठेवला होता. तो त्या गाईला घालू लागल्या आणि रोज सकाळी कासेवरून हात फिरवून बघू लागल्या. दहा-बारा दिवसांनी मला वाटेतच गाठून म्हणाल्या, "चला जल्दी. भरून राह्यली!" गाय व्याली तेव्हा चिकाच्या धारा लागल्या. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस सगळ्यांत आधी शेजारणीच्या घरी गेला. आधीच्या गाईला मात्र त्या वेताला दूध बेताचंच आलं.

पुढं मारुतीच्या पारावर लोकांना जमवून मी सगळं सांगितलं. तुरे यायच्या आत गवत कापा, चिकट दिसलं तर गाभण जनावराला घालूच नका. हे शोधलं मावशींनी, मी नव्हे, हेही सांगितलं. सगळे त्यांच्याकडं वळून बघू लागले. एकानं विचारलं, "मावशी, तुमाला कसं कळलं वं?"

"हाताला लागलं म्हणून कळलं," त्या म्हणाल्या. "तुमी गवत कापायला बायकांना लावता, मंग तुमाला कसं कळंल?"

बायका खळखळून हसल्या. पुढच्या साली पोळा झाल्याबरोबर ओढ्याकाठचं गवत कोवळं असतानाच कापलं गेलं. त्या हंगामात कोरड्या कासेची एकही गाय माझ्याकडं आली नाही.