वाजणाऱ्या छातीचा जप

परळच्या इस्पितळात छातीच्या ओपीडीबाहेर एक आजोबा दर मंगळवारी मी आणि बाबा बसायचो त्याच बाकावर असत. नाव मी कधी विचारलं नाही. एक्स-रेचं पाकीट मांडीवर आडवं ठेवायचं, त्यावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचे, ही त्यांची सवय. त्यांच्या छातीतली शिटी मात्र अख्ख्या बाकाला ऐकू येई.

माझे बाबाही त्यांच्यासारखेच गिरणी कामगार. कापसाच्या धुळीने त्यांचीही छाती वाजते आणि त्याची त्यांना फार लाज. घरी पाहुणे आले की ते गॅलरीत जाऊन बसत. इथे तोंडावर रुमाल धरत.

एकदा मी आजोबांना विचारलं, "बाकावर झोप लागते तुम्हाला?"

"झोप कसली? जप चाललाय. श्वास घेताना सो, सोडताना हम्. सोऽहम्, म्हणजे तो देव मीच आहे."

"पण तुमचे ओठ तर हलत नाहीत."

"आपण म्हणायचंच नसतं. श्वास जन्मापासून म्हणतोच आहे, आपण नुसतं ऐकायचं." मग ते बाबांकडे वळले. "चांगल्या छातीवाल्यांना तो ऐकू यायला वर्षं जातात. आपली सोय गिरणीनेच करून दिली. रुमाल कशाला धरता?"

मला गिरणीचा रागच आला.

परवा घरी पाहुणे आले. मी सवयीने गॅलरीत खुर्ची मांडली. बाबा आतच, पाहुण्यांसमोर बसले. छाती वाजत होती. खुर्ची रिकामीच राहिली.