हरणीच्या घोंगड्यातले गोचीड

"मामा, पंप खाली ठेवा," मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

मेंढपाळ केरबामामांनी ऐकलं, पण पंप पाठीवरच राहिला. हळदीच्या पिकावर फवारायचा पंप होता तो आणि आत औषधही हळदीवरचंच भरलेलं होतं. समोर घराच्या उंबऱ्याआत त्यांची कुत्री हरणी पिलांना पाजत पडली होती. कानांत, मानेवर, पायाच्या बोटांमध्ये गोचीडच गोचीड. काही फुगून वाटाण्याएवढे झालेले.

"हळदीवरची कीड मरती याच्यानं. मंग हे काहून न्हाई मरायचे?"

"मरतील मामा. पण हरणी अंग चाटते. आणि पिल्लं त्याच अंगाला तोंड लावून दूध पितात."

मामांनी पिलांकडे पाहिलं. मग पंप उतरवून बाभळीला टेकवला. "मंग तुमीच सांगा डॉक्टरीणबाई. पुढच्या आठवड्यात आमी मेंढरं घेऊन निघून राहिलो."

खरं तर मी अजून डॉक्टर नाही. पशुवैद्यकीय कॉलेजच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि पुसेगावजवळच्या दवाखान्यात इंटर्नशिप करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुणी मला डॉक्टर म्हटलं की मला अजूनही मागे वळून बघावंसं वाटतं.

दिवाळी झाली की मामांचं कुटुंब पैनगंगेच्या बाजूला निघतं. काढणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवत जायचं. रात्री लांडग्याची भीती असते, तेव्हा राखण हरणीची. पण ती उठायला लागली की तिचे पाय थरथरत होते. मी ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या पांढरट दिसल्या. गोचीड रक्त पितात. थोडे असले तर कुत्रं सोसतं, फार झाले की अंगातलं रक्तच कमी होतं. आम्ही त्याला ॲनिमिया म्हणतो.

"चालली तर नेऊ," मामा म्हणाले. "न्हाईतर कनेरगाव नाक्याला मेव्हण्याचा ढाबा हाय, तिथं देऊन टाकू."

हे ऐकून द्वारकामामी चुलीपासून उठून हरणीजवळ येऊन बसल्या. हरणीला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

मी दवाखान्यातल्या सरांना फोन लावला.

"पाजणारी आहे ना? मग दिसेल ते औषध लावू नको," सर म्हणाले. "पाजणाऱ्या कुत्रीला चालेल असं मागवावं लागेल, आत्ता स्टॉकला नाही. तोवर हातानं काढ. रक्तासाठी टॉनिक पाठवतो, ते सांगेन तेवढंच द्यायचं."

मी चिमटा आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन बसले. गोचीड कातडीला अगदी लागून धरायचा आणि सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, नखानं फोडायचा नाही. मामांनी मदत म्हणून पेटती बिडी पुढे केली.

"चटका नको मामा. चटका बसला की तो पोटातलं जखमेत ओकतो."

"मंग ही मीच ओढतो," म्हणत मामा बाजूला बसले.

मामींनी कडुनिंबाचा पाला उकळून गाळून दिला. ते पाणी निवल्यावर आम्ही फडक्यानं हरणीचं अंग पुसलं आणि आचळं साध्या पाण्यानं धुतली, कडू लागलं तर पिल्लं तोंड लावणार नाहीत म्हणून. कडुनिंबानं गोचीड मरतातच असं मी सांगणार नाही. नवे चिकटायला थोडे कचरतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गेले तर गोचीड परत होते. तिसऱ्या दिवशीही होते.

"तुमी काढून राहिल्या, ते येऊन राहिले," मामा म्हणाले. "ड्युटीला बराबर कोण हाय, समजंना."

मला हसू आलं आणि रडूही. मग वर्गात शिकलेलं आठवलं. गोचीड कुत्र्यावर फक्त जेवायला येतो. पोट भरलं की खाली गळतो आणि फटीत, कपड्यात अंडी घालतो. म्हणजे आम्ही जेवणाऱ्यांना हाकलत होतो आणि त्यांचं घर तसंच होतं. हरणीखाली मामांचं जुनं घोंगडं होतं. मी त्याचा कोपरा उचलला.

मामींनी माझा हात धरला. "त्याला हात नका लावू, बाई."

त्यांच्याकडची रीत अशी: कुत्री व्याली की घरधन्याचं घोंगडं तिला अंथरायचं. सगळी पिल्लं आपल्या पायांनी उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत ते हलवायचं नाही. हलवलं तर पिल्लं दगावतात. मी समजावून पाहिलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा दिला.

चहा पिताना मी भीत भीत विचारलं, "मामी, पिलांना बाहेरून बोलावलं तर चालतं का?"

मामींनी विचार केला. "बोलवायला काय झालं? उचलायचं न्हाई."

पिल्लं धडपडत का होईना, चालत होती. मामींनी शेळीचं दूध ताटलीत ओतून उंबऱ्याबाहेर ठेवलं. वासानं तीन पिल्लं लोळत, आपटत बाहेर आली. चौथं, सगळ्यांत लठ्ठ, घोंगड्यावर झोपूनच राहिलं. मामा गुडघ्यांवर बसून त्याला हाका मारू लागले.

"ढकलू नका त्याला," मामी म्हणाल्या.

"कुठं ढकललं? हात टेकला जमिनीला."

"जमीन तिकडं हाय. तुमचा हात त्याच्या बुडाखाली हाय."

शेवटी हरणीच उठली आणि बाहेर जाऊन ताटलीतलं दूध प्यायला लागली. आईची ऊब गेली तसं लठ्ठोबा पिल्लू जागं झालं, केकाटत निघालं आणि उंबऱ्यावरून तोंडावर पडून बाहेर आलं. मामींनी त्याला डोळे भरून पाहिलं. मग म्हणाल्या, "आता काढा."

घोंगड्याच्या घडीत आणि मागच्या भिंतीतल्या दगडांच्या फटींत गोचिडांची वस्तीच होती. फटींत आम्ही उकळतं पाणी ओतलं आणि वाळल्यावर चुन्यानं त्या बुजवल्या. उरलेल्यांवर मामांनी कोंबड्या सोडल्या. उकळत्या पाण्यातून काढलेलं घोंगडं आकसून टॉवेलाएवढं झालं.

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "पिलांना पुरतं."

हरणीचं अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात घातलं. गोणपाट, रोज उन्हात टाकायचं. चिमटा मामी माझ्यापेक्षा चांगला चालवू लागल्या. गोचीड संपले नाहीत, पण बोटांवर मोजण्याइतके राहिले. निघायच्या आदल्या दिवशी सर स्वतः आले. हरणीच्या हिरड्या पाहून म्हणाले, "गुलाबी होतायत. हळूहळू चालवा. मागवलेलं औषध अजून आलं नाही, आता पिल्लं दुधावरून तुटल्यावरच बघू."

मामांनी मेव्हण्याला फोन करून कुत्रं मिळणार नाही म्हणून सांगितलं. मेंढरं निघाली तेव्हा पिल्लं घोड्यावरच्या डालीत होती आणि हरणी घोड्याच्या बाजूनं चालत होती, दर थोड्या वेळानं वर बघत.

आता गोचिडांची केस आली की मी कुत्र्याआधी त्याची झोपायची जागा पाहते. आणि तिथलं काही उचलण्याआधी घरातल्या बाईला विचारते. दुसऱ्या कामाला वेळ जास्त लागतो.